एजंट अलिबागला, चावी कोणाकडे?

दादर, ठाणे किंवा कोथरूडमध्ये जागांचे व्यवहार करणारा इस्टेट एजंट आता अलिबागच्या, लोणावळ्याच्या नाहीतर दापोलीच्या आपल्या सुट्टीच्या घरी बसून धंदा सांभाळू शकतो, असं सर्रास बोललं जातं. हातात फोन आहे, फ्लॅटचे व्हिडिओ आहेत, सातबारा आणि दस्तनोंदणीचा इंडेक्स टू ऑनलाइन मिळतात, भाडेकरारही घरबसल्या नोंदवता येतो. मग माणूस कुठे बसलाय याने काय बिघडतं? याच्या उलट मत असणारेही तितकेच ठाम असतात. जो जागेवर नाही तो दलाल कसला, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही मतं वरवरची आहेत, कारण दोन्ही एजंटच्या खुर्चीभोवतीच घोटाळतात. खुर्ची कुठेही असली तरी कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडायला कोणालातरी जावंच लागतं. एजंट दूर गेला की ते अंतर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतं: त्याच्या हाताखालच्या पोऱ्यावर, खरेदीदारावर, सोसायटीच्या वॉचमनवर, आणि सुट्टीचं घर जिथे आहे त्या गावावरसुद्धा. ज्याच्या अंगावर ते पडतं त्याला त्याचा मोबदला, नाव आणि जबाबदारी मिळत असेल, तर लांबून केलेली दलाली चोख होऊ शकते. मिळत नसेल, तर एजंटच्या निवांतपणाचा खर्च भलताच कोणीतरी भरत असतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ते पटण्यासाठी आधी दलालीच्या कामाची फोड करावी लागते.

१. कोणतं काम एजंटबरोबर गाडीत बसून जातं

बरंच जातं, हे आधी मान्य करायला हवं. जाहिरात टाकणं, आलेले फोन घेणं, पार्टी सिरीयस आहे की नुसती चौकशी करतेय हे बोलण्यावरून ताडणं, दोन्ही बाजूंना फोनवर धरून भाव जुळवणं, या सगळ्याला गाव लागत नाही. कागदपत्रांचंही तेच. सातबारा आणि आठ-अ यांचे डिजिटल स्वाक्षरी असलेले उतारे पोर्टलवरून काढता येतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये जुने दस्त शोधता येतात. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नव्या प्रकल्पाची नोंदणी, पूर्ततेची तारीख आणि चालू दावे पाहता येतात. भाडेकरार आधार आणि अंगठ्याच्या पडताळणीवर ऑनलाइन नोंदवता येतो. बिल्डरकडून होणाऱ्या पहिल्या विक्रीसाठीही ई-नोंदणीची सोय आहे.

कोविडच्या काळात ही सवय अंगवळणी पडली. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. मुंबईत ते ५ वरून २ टक्क्यांवर आलं, आणि घराबाहेर पडायला धास्तावलेले लोकही व्हिडिओ पाहून जागा ठरवू लागले. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस तर त्याआधीपासूनच असं करत होता. त्याच्या दृष्टीने एजंट पुण्यात असला काय नि कोकणातल्या आंजर्ल्यात असला काय, सारखंच.

मात्र या सगळ्या कामांत एक साम्य आहे. त्यांत जे पाहायचं ते आधीच कोणीतरी कुठेतरी नोंदवून ठेवलेलं असतं. एजंट फक्त ती नोंद काढून पुढे देतो. हे काम दिवसेंदिवस स्वस्त होत जाणार आणि खरेदीदार ते स्वतःच करू लागणार, हे उघड आहे. मुंबई-पुण्यात जुन्या फ्लॅटच्या विक्रीत साधारण एक ते दोन टक्के दलाली घेण्याचा प्रघात आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. व्हिडिओ फॉरवर्ड करण्यासाठी आणि इंडेक्स टू काढून देण्यासाठी इतकी रक्कम कोणी मोजत नाही. ती मोजली जाते ती न नोंदलेल्या गोष्टींसाठी.

२. न नोंदलेलं म्हणजे नेमकं काय

जुन्या सोसायटीतला एक फ्लॅट घेऊ. चांगला एजंट पार्टीला घेऊन येतो, तेव्हा तो जिन्याजवळच्या नोटीस बोर्डापाशी क्षणभर थांबतो. तिथे थकबाकीदारांची यादी लावलेली असते. विक्रेत्याचा फ्लॅट क्रमांक त्यात असेल, तर सोसायटीची एनओसी अडणार हे त्याला वर चढण्याआधीच कळतं. शेजारी पुनर्विकासासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस असेल, तर भावाचं सगळं गणित बदलतं, कारण मग आजचा फ्लॅट नव्हे, उद्याचा हक्क विकला जात असतो. वॉचमनला तो सहज विचारतो, टँकर किती वाजता येतो? 'येतो का' असं विचारलं तर उत्तर नाही असंच मिळेल, हे त्याला ठाऊक असतं.

वर गेल्यावर तो सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला नळ सोडतो आणि धार बघतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला कपाट लावलेलं असेल तर ते थोडं पुढे सरकवायला सांगतो. ओलीची रेघ तिथेच असते. गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये नवा रंग फक्त छताला दिलेला असेल, तर गळती कधीपासून आहे हा पुढचा प्रश्न. पार्किंगपाशी तो खांबावरचा क्रमांक पाहतो आणि वाटपपत्रात तोच आहे का ते विचारतो. तोंडी चालत आलेलं पार्किंग विक्रीच्या दिवशी गायब होतं. जाताना सेक्रेटरी घरी असतील तर भेटून नमस्कार घालतो. ट्रान्सफरची फाइल पुढे महिनाभर अडणार की नाही, याचा अंदाज त्या पाच मिनिटांत येतो.

यातली कुठलीही गोष्ट व्हिडिओत दिसत नाही, कारण व्हिडिओ काढणाऱ्याला काय दाखवायचं नाही ते ठरवता येतं. मालकाने पाठवलेल्या व्हिडिओत कपाट जागच्या जागी असतं. विचारण्याचा आणि सरकवून बघण्याचा हा अधिकार जागेवर उभ्या असलेल्या माणसाकडेच असतो. दलालीचा खरा ऐवज हाच, आणि तो एजंटबरोबर अलिबागला जात नाही.

३. ज्यांचा पैसा अडकतो ते काय करतात

जागेवर जाणं ही जुनी सवय आहे, तंत्रज्ञानाने तिची गरज संपवली, असं म्हणणाऱ्यांनी गृहकर्ज देणाऱ्या बँकांकडे बघावं. तंत्रज्ञानावर त्यांच्याइतका खर्च कोण करतं? तरीही जुन्या फ्लॅटवर कर्ज देताना बँक मूल्यांकन करणारा माणूस जागेवर पाठवते आणि पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेते. कारण उघड आहे: बुडाले तर पैसे तिचे बुडणार असतात. सरकारही तेच करतं. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे घेतो, साक्षीदार मागतो. घरबसल्या होणाऱ्या भाडेकरारातही सहसा अंगठ्याची पडताळणी सुटत नाही. एखादा मुलगा यंत्र घेऊन मालकाच्या आणि भाडेकरूच्या घरी जातो, तेव्हाच 'घरबसल्या' हा शब्द खरा होतो.

उलट बाजूने पाहावं तर दूर असण्याच्या सबबीचा सगळ्यात सराईत वापर भामटे करतात. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, जागा दाखवायला येता येत नाही, टोकन पाठवा म्हणजे चावी कुरियरने मिळेल, ही बतावणी भाड्याच्या जागांच्या जाहिरातींत इतकी जुनी झाली आहे की पोलिसांना तिच्याविरुद्ध वारंवार इशारे द्यावे लागतात. याचा अर्थ लांब बसलेला प्रत्येक एजंट संशयित, असा मुळीच नाही. पण प्रामाणिक एजंटनेही आपली अनुपस्थिती साध्या सोयीची गोष्ट म्हणून मांडली, तर खरेदीदाराला त्याच्यात आणि भामट्यात फरक करायला काहीच उरत नाही. तो फरक दाखवण्याची जबाबदारी एजंटची आहे.

४. अमेरिकेचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं

'तिकडे तर एजंट फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून ओहायोतली घरं विकतात', हा दाखला या चर्चेत हटकून येतो. तो खोटा नाही, पण तिथल्या एजंटला दूर जाता येतं ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेमुळे. विक्रीची घरं मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस नावाच्या सामायिक यादीत येतात आणि चुकीची माहिती टाकणाऱ्या सदस्याला दंड होऊ शकतो. दाराला इलेक्ट्रॉनिक लॉकबॉक्स असतो आणि कोणत्या एजंटने कधी दार उघडलं याची नोंद त्यात राहते. घराची तपासणी करणारा इन्स्पेक्टर वेगळा, पैसे सांभाळणारी एस्क्रो कंपनी वेगळी, मालकी हक्कात खोट निघाली तर भरपाई देणारा टायटल विमा वेगळा. एजंटचा परवाना राज्यापुरता असतो आणि त्याच्या कामावर परवानाधारक ब्रोकरची देखरेख असते.

म्हणजे तिथे एजंटची जागा रिकामी राहिलेली नाही. ती चार-पाच वेगवेगळ्या, नाव-पत्ता असलेल्या आणि पैसे घेणाऱ्या लोकांनी भरली आहे. नियम तर अजून कडक होत आहेत. तिथल्या राष्ट्रीय एजंट संघटनेने दलालीबाबतच्या खटल्यांत ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि त्यातून आलेला नियम १७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं एजंटना बंधनकारक झालं. हा नियम प्रत्यक्ष भेटीला लागू आहे, तसाच थेट व्हिडिओवरून घर दाखवण्यालाही.

महाराष्ट्रात यातलं काय आहे? एकच फ्लॅट दहा एजंटांकडे असतो आणि पोर्टलवर त्याचे पाच भाव दिसतात. चावी शेजारच्या काकूंकडे किंवा वॉचमनकडे असते, आणि ती कोणी कधी नेली याची नोंद असलीच तर काकूंच्या लक्षात. टोकनची रक्कम बहुतेकदा थेट विक्रेत्याच्या खात्यात जाते. टायटल विमा सामान्य खरेदीदाराच्या कानावरही आलेला नसतो. इथे एजंट उठून गेला की त्याची जागा भरणारं कोणी आपोआप येत नाही.

५. पोऱ्याची नोंद कुठेच नाही

प्रत्यक्षात मात्र ती जागा भरली जाते. ती भरतो हाताखालचा पोऱ्या. विशी-बाविशीतला मुलगा, स्वतःची दुचाकी, महिन्याला तुटपुंजा पगार किंवा दर व्यवहारामागे साहेब देतील ते. शनिवार-रविवार हे या धंद्याचे भर दिवस असतात, कारण पार्टीला तेव्हाच सुट्टी असते. सुट्टीच्या घराचे दिवसही नेमके तेच. त्यामुळे साहेब लोणावळ्याला असतात तेव्हा पोऱ्या एका दिवसात सात-आठ जागा दाखवत फिरतो. नळ सोडायचा, कपाट सरकवायचं, नोटीस बोर्ड वाचायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. 'दार उघड, व्हिडिओ कॉल लाव, मी बोलतो', एवढीच त्याला सूचना. पार्टीने त्याला काही विचारलं तर तो म्हणतो, 'सरांना विचारून सांगतो.' आणि सरांना विचारून काय होणार, सरांनी ती जागा सहा महिन्यांत पाहिलेली नसते.

कायद्याचा इथे संबंध आहे, आणि तो जुनाच आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १९० सांगतं की एजंटने जे काम स्वतः करण्याचं स्पष्टपणे किंवा गृहीत धरून पत्करलं आहे, ते त्याला दुसऱ्यावर सोपवता येत नाही. अपवाद दोनच: धंद्याची तशी रीत असेल, किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल. आणि कलम १९२ प्रमाणे, रीतसर नेमलेल्या उपएजंटच्या कामाबद्दल मूळ एजंटच आपल्या अशिलाला जबाबदार असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याला व्हिडिओ कॉल ठाऊक नव्हता. पण काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही, ही बाब त्याने सोडवून ठेवली होती.

२०१६चा रेरा कायदा याच्या पुढे जातो. त्यातल्या एजंटच्या व्याख्येत कोणत्याही माध्यमातून खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देणारा माणूस येतो. म्हणजे नुसत्या फोनवरून धंदा करणाराही सुटत नाही. कलम १० प्रमाणे त्याने हिशेब आणि कागद ठेवायचे, गैरप्रकारात पडायचं नाही आणि ग्राहकाला हक्काची सर्व माहिती मिळवून द्यायची. हे मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने २०२३ मध्ये त्यावर प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली, आणि सक्षमता प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांची नोंदणी पुढे थांबवली. ही पावलं स्वागतार्ह आहेत.

तरी एक मोठी फट आहे. रेराची एजंट-नोंदणी ही रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातल्या जागांच्या विक्रीसाठी लागते. जुन्या फ्लॅटची फेरविक्री आणि भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात नकाशा, परवानग्या, कारपेट एरिया सारं संकेतस्थळावर असतं, तिथे एजंट दूर असला तरी फारसं अडत नाही. भिंतीमागची ओल, सेक्रेटरीचा स्वभाव, पार्किंगचा वाद हे सगळं फेरविक्रीत असतं. ज्या व्यवहारात जागेवरच्या माणसाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच व्यवहारात त्या माणसाला ना परीक्षा, ना नोंदणी, ना नाव.

६. सुट्टीचं घर हीच नवी बाजारपेठ होते

आतापर्यंतचा विचार शहरातल्या फ्लॅटच्या बाजूने झाला. एजंट जिथे जाऊन बसतो त्या गावाचं काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

जमीनजुमल्याच्या धंद्यातला माणूस नुसता समुद्र बघत बसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्याला गावातला गुंठ्याचा भाव कळतो. त्याच्याकडे शहरातल्या पार्ट्या असतातच, आणि त्याही विचारतात, 'तुमच्या बाजूला काही आहे का स्वस्तात?' ज्या व्यवहारांपासून तो लांब गेला ते शहरातले, आणि ज्यांत तो शिरतो ते गावातले. तिथे तो हजर असतो, पण नवखा असतो.

अलिबागचं उदाहरण ताजं आहे. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. दोन्ही वेळा जमिनीच्या जाहिरातींना ऊत आला. त्या जाहिरातींत समुद्र दिसतो, नारळ दिसतात, ड्रोनने टिपलेली हिरवळ दिसते. भरती रेषेपासून जागा किती अंतरावर आहे आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, कोणत्या पट्ट्यात मोडते, हे ड्रोनला दिसत नाही. किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगलाही चित्रात देखणाच होता. सीआरझेडचे नियम मोडून बांधल्याबद्दल ८ मार्च २०१९ रोजी प्रशासनाने तो सुरुंग लावून पाडला.

कोकणातली जमीन आणखी एका कारणाने अवघड आहे. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं तिथे नवलाचं नाही. आजोबांच्या नंतर वाटणी झालेली नसते, सहहिस्सेदारांपैकी निम्मे मुंबईत चाकरमानी असतात, काहींचे वारस फेरफारात चढलेलेच नसतात. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव असू शकतं. पायवाट दुसऱ्याच्या बांधावरून गेलेली असते आणि ती वहिवाट कुठल्याच कागदावर नसते. जानेवारीत दाखवलेल्या कोरड्या ठणठणीत प्लॉटमधून जुलैत ओढा वाहतो, हे शेजारच्या म्हातारीला माहीत असतं. त्यात शेतजमीन घ्यायची तर कूळ कायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या बांधकामाचे नियम वेगळे. आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या विकासाला रेराची नोंदणी लागत नाही. सुट्टीच्या घरांचे बरेच छोटे प्लॉट या मापात बसतात.

गोव्यात तर कायद्याचा पायाच निराळा आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार विवाहित जोडप्याची मालमत्ता साधारणपणे सामायिक मानली जाते, त्यामुळे विक्रीला पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा, कोमुनिदादच्या जमिनी, मुंडकारांचे हक्क हे सारं पुण्याच्या एजंटला पहिल्यापासून शिकावं लागतं. रेराची नोंदणीसुद्धा एका राज्यापुरतीच असते. महारेराच्या क्रमांकावर गोव्यातल्या नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकता येत नाही.

गोव्याने गैरहजेरीची दुसरी बाजूही दाखवली. मृत किंवा परदेशात गेलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे लाटल्याची प्रकरणं इतकी पुढे आली, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. मालक दूर, खरेदीदार दूर, आणि मध्ये फक्त कागद. कागदावर सगळं जुळत होतं. त्या जागेची शेजारीण, वाड्यावरचा नारळ काढणारा, चर्चच्या वहीत नाव सांगू शकणारा पाद्री, यांतल्या कोणाला कोणी विचारलंच नव्हतं. अशा मुलुखात खरेदीदार आणि मालक दोघेही लांब असतील, तर निदान मधला माणूस तरी त्या वाड्यावर पायी फिरलेला हवा.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की दलाल कधीच स्वतः जागा दाखवत नव्हता. तो पेढीवर बसायचा आणि मुलं फिरायची. हे खरं आहे. पण ती पेढी त्याच पेठेत असे. व्यवहार फसला तर पार्टी संध्याकाळी तिथे येऊन उभी राहायची आणि आजूबाजूचे दुकानदार ऐकत असायचे. त्या दडपणाने त्याच्या जिभेवर लगाम राहायचा. फोन न उचलणाऱ्या माणसावर तसं दडपण येत नाही. म्हणूनच नोंदणी क्रमांक मुख्य व्यवसायाच्या ठिकाणी ठळकपणे लावण्याच्या नियमाला अर्थ आहे. सुट्टीच्या घरी काम करायचं असेल, तर आपलं मुख्य ठिकाण कोणतं आणि पार्टीने येऊन उभं राहायचं कुठे, हे एजंटने सांगायला हवं.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सोमवार ते रविवार फोनला बांधलेल्या, सण-समारंभातून उठून जागा दाखवायला धावणाऱ्या या माणसाला समुद्रकाठी चार दिवस का मिळू नयेत? नक्की मिळावेत. या धंद्यात साप्ताहिक सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि कुटुंबाची किती ओढाताण होते हे त्या घरांनाच माहीत. पण हाच युक्तिवाद पोऱ्यालाही लागू होतो. साहेबांची सुट्टी पोऱ्याच्या रविवारातून कापली जात असेल, तर त्याची दलालीत ठरलेली वाटणी आणि आठवड्यातला एक मोकळा दिवस हे आधी लिहून द्यायला हवं. चार एजंटांनी एकत्र येऊन आळीपाळीने एकमेकांच्या जागा दाखवाव्यात, दलाली ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावी, हा मार्ग तर आजही खुला आहे. 'साइड बाय साइड' व्यवहारात दोन एजंट आपापल्या बाजूची दलाली घेतातच. त्याच रीतीचा हा विस्तार.

तिसरा आक्षेप उद्याच्या तंत्रज्ञानाचा. थ्रीडी स्कॅन येईल, भिंतीतली ओल मोजणारी यंत्रं येतील, चावीऐवजी कोड येईल. येऊ देत, हवंच आहे. पण यंत्र नेऊन भिंतीला लावणारा हात कोणाचातरी असणारच, आणि त्याला ते लावण्यापासून मालकाने अडवलं तर वाद घालण्याइतका अधिकार त्याच्याकडे हवा. शिवाय कोकणात तंत्रज्ञान हवामानाच्या मर्जीवर चालतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली कितीतरी गावं आठवड्यांमागून आठवडे विजेविना होती, मोबाइलचे टॉवर बंद होते. अशा वेळी एखाद्या पार्टीचं टोकन अडकलेलं असेल आणि तिचा एजंट त्याच अंधारात असेल, तर शहरात त्याच्या नावाने बोलणारा दुसरा माणूस असणं ही चैन राहत नाही.

८. काय बदलता येईल

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको. काही गोष्टी एजंट उद्यापासून करू शकतो. जागेची माहिती पाठवताना त्याने तीन ओळी जोडाव्यात: जागा शेवटची प्रत्यक्ष कोणी पाहिली, कधी पाहिली, आणि काय तपासलं नाही. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात अवघड, कारण तिथे 'बाथरूममागची भिंत पाहता आली नाही' असं स्वच्छ लिहावं लागतं. पण पार्टी त्याच ओळीवर विश्वास ठेवते.

पोऱ्याचं पूर्ण नाव टोकनच्या पावतीवर आणि दलालीच्या करारावर यावं, त्याचा वाटा टक्क्यांत ठरलेला असावा, आणि महारेराच्या प्रशिक्षणाला एजंटने त्यालाही स्वतःच्या खर्चाने पाठवावं. एजंट संघटनांना हे जमण्यासारखं आहे. ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत त्यांची सभासदसंख्या चांगली आहे. चावी कोणी नेली, कधी परत दिली याची एक साधी वही सोसायट्यांनी वॉचमनकडे ठेवली, तरी अर्धे घोटाळे कमी होतील.

सुट्टीच्या गावात व्यवहार करणाऱ्या शहरी एजंटने स्थानिक माणसाला बरोबर घेतल्याशिवाय प्लॉट दाखवूच नये. इथे 'स्थानिक' म्हणजे गावातला कोणीही ओळखीचा नव्हे. ज्याला तलाठ्याकडचे फेरफार वाचता येतात, मोजणीच्या वेळी जो हद्दीवर उभा राहिलेला आहे आणि भाऊबंदकीतले वाद ज्याला ठाऊक आहेत, असा माणूस. त्याला वरच्यावर पाचशे रुपये हातावर ठेवण्याऐवजी दलालीत भागीदार करावं. आज गावातल्या जमिनीची दलाली बहुतांशी शहरात जाते आणि विक्रीनंतर अडलेली पायवाट, बुजवलेला ओढा आणि पाण्याची भांडणं गावात राहतात. भागीदार गावातलाच असला, की असा व्यवहार करताना तो दोनदा विचार करेल, कारण त्याला उद्याही तिथेच राहायचं असतं.

सरकारच्या पातळीवर एक गोष्ट मात्र टाळता येण्यासारखी नाही. फेरविक्री आणि भाड्याच्या दलालीला नोंदणीच्या कक्षेत आणायला हवं. भाडेकरार लेखी आणि नोंदलेला असावा, अशी सक्ती १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने केलेलीच आहे. त्याच करारात मध्यस्थाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जागा प्रत्यक्ष दाखवणाऱ्याचं नाव असे तीन रकाने वाढवणं प्रशासनाला अशक्य नाही. ऑनलाइन अर्जात ते एका दुरुस्तीने बसतील. खरेदीखताच्या बाबतीतही तसंच करता येईल. तोवर हे काम खरेदीदारालाच करावं लागेल. टोकन देण्याआधी त्याने एजंटला विचारावं की चावी कोणाकडे आहे, त्या माणसाचं नाव काय, आणि रविवारी तो स्वतः येणार आहे का.